दहा पूर्णांक नऊ

९ सप्टेंबर

मामा,

नमस्कार दोन: एक भाचीचा, दुसरा तुझ्या जुन्या लॅबचा. फोन केला असता, पण तू पलीकडून नुसतं "हो हो" म्हणतोस आणि काय ऐकलंस ते तुझं तुलाच ठाऊक. कानातलं यंत्र डबीत ठेवून हिंडणाऱ्या माणसाला आपलं पत्रच बरं.

तर माझी यंत्रं आली. दहा कॉम्प्युटर. आईच्या ग्रंथालयाने नवे घेतले, जुने आमच्या गळ्यात मारले. प्रत्येकाला एक काचेची कांडी, जी चंबूत बुडवली की द्रावण किती आम्ल आहे ते सांगते, आणि ब्युरेटखाली थेंब मोजणारा एक बारीक डोळा. थेंब पडत जातात, पडद्यावर आलेख आपोआप चढत जातो. पहिल्या दिवशी मुलं आलेख बघण्यात इतकी रमली की ब्युरेटची तोटी बंद करायची विसरली. तीन टेबलांवर पूर. काकांनी फडकं माझ्या हातात दिलं. लॅब सांभाळणारे तेच ते काका, तुझ्या हाताखाली तयार झालेले. संध्याकाळी ते सगळ्या यंत्रांवर जुने अ‍ॅप्रन पांघरतात. धूळ बसू नये म्हणून, म्हणतात. मला वाटतं त्यांना ती तोंडं बघायची नसतात.

विभागाच्या मोठ्या बाईंनी वर्षभराची परवानगी दिली आहे, तीही नाक मुरडून. नोव्हेंबरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत यंत्रांनी नीट काम केलं तर माझी नोकरी कायम करण्याची शिफारस त्या करणार. नाहीतर यंत्रं माळ्यावर आणि मी रस्त्यावर. त्यामुळे सध्या एका जागी बसवत नाही. वर्गात फिरते, घरी फिरते, आई म्हणते फरशी झिजेल.

बाई अजून प्रत्येक नव्या वर्गाला तुझी गोष्ट सांगतात. "या लॅबमध्ये एक सर होते, त्यांनी सख्ख्या बहिणीला नापास केलं." मग पोरं माना वळवून कपाटाकडे बघतात. तुझं कार्ड तिथंच आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, तुझ्या त्या खाली ओढलेल्या अक्षरात: दहा मिली आम्लाला अल्कली १०.२ मिली. पस्तीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मुलांच्या वह्या त्यावरूनच तपासतात.

त्या "सख्ख्या बहिणीला" काल माझा डबा द्यायला यावं लागलं. आई दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, इथूनच दिसतंय. डबा मी व्हरांड्यात जाऊन घेतला.

कांड्या टिकवायची काही युक्ती असेल तर कळव.

तुझी चुळबुळ


२० सप्टेंबर

प्रिय चुळबुळीस आशीर्वाद, आणि काकांच्या फडक्याला नमस्कार.

कानाचं यंत्र डबीत असतं, कारण ते घातलं की शेजाऱ्यांचं भांडण थेट डोक्यात येतं. तुला माझं निवृत्तीचं सुख बघवत नाही, हे मी समजून आहे.

कांड्या कोरड्या पडू देऊ नकोस, वापरून झाल्या की त्यांच्या मिठाच्या पाण्यात ठेव. रोज सकाळी दोन बफरवर, ठरलेल्या आम्लतेच्या द्रावणांवर, ताडून घे, आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः करून बघ. एवढं केलंस तर तुझी खेळणी चालतील. खेळणी म्हणतो म्हणून फुगू नकोस. आम्ही डोळ्यांनी गुलाबी रंगाची वाट बघायचो. शेवटच्या थेंबाला श्वास रोखायला लागायचा. ते तुझा डोळा मोजत नाही.

यंत्राचं एक मात्र मला कळत नाही. मुलगा नुसता उभा राहिला आणि आलेख चढत गेला, तर चूक झाली की ती कुणाची? वहीत खाडाखोड दिसते. खाडाखोड बघून मी मुलांना ओळखायचो.

कार्डाला हात लावू नकोस. पोरांना धरायला काहीतरी पक्कं लागतं. बाई तुला वाटते तितकी कडक नाही, माझ्या हाताखालून गेलेली आहे. तिला उलट उत्तरं देऊ नकोस, काम दाखव.

आणि तुझ्या आईला लॅबमध्ये ओढू नकोस. तिला तिथला वास सहन होत नाही. पूर्वीपासूनच.

गुडघा बरा आहे. सकाळी तळ्यापर्यंत जातो आणि परत येतो. परत येताना वाट जास्त लांब असते, हे कुठल्या नियमात बसतं ते शोधतो आहे.

मामा


२८ ऑक्टोबर

मामा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आता जे आहे ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

यंत्रं कार्डाशी जुळत नाहीत. सप्टेंबरच्या सुरुवातीला दहाच्या दहा यंत्रं १०.२ दाखवत होती आणि मी मिरवत होते. मग १०.३. मग १०.५. आज १०.७. सगळी. एखादं बिघडलं असतं तर समजलं असतं, पण दहा जणी एका सुरात खोटं बोलतील का? रोज बफरवर ताडते, तू सांगितलंस तसं. कांड्या बदलल्या, तारा बदलल्या. मुलं निघून गेल्यावर मी स्वतः हाताने केलं, गुलाबी रंगाची वाट बघत, श्वास रोखून. १०.७.

आणि याच सात आठवड्यांत मुलांच्या वह्यांत काय आहे ठाऊक आहे? १०.२. एकूण एक वहीत. यंत्राशेजारी बसून, १०.७ डोळ्यांनी बघून, वहीत १०.२. एकाची वही उलटली तर मागच्या पानावर पेन्सिलने दोन रकाने आखलेले: "दिसलं" आणि "लिहायचं". मी रागवायला तोंड उघडलं, तर तो शांतपणे म्हणाला की आमच्या वरच्या वर्गांनी असंच शिकवलंय. आजवर या लॅबमध्ये कुणाला काय दिसलं ते कुणी लिहिलेलंच नाही, मामा. यंत्राला फक्त तो दुसरा रकाना माहीत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावरची एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. आज वही घेऊन माझ्याकडे आली आणि विचारलं, "मॅडम, खरं लिहू की बरोबर लिहू?" मी तिला म्हटलं, उद्या सांगते. शिक्षक म्हणून याहून लाजिरवाणं काय असतं सांग.

बाईंना आलेख दाखवले. त्यांनी चष्मा वर करून कपाटाकडे बोट केलं. म्हणाल्या की कार्ड सरांचं आहे, तुझी यंत्रं ग्रंथालयाची आहेत. पंचवीस नोव्हेंबरला परीक्षा. तोवर यंत्रं १०.२ वर आली नाहीत तर परीक्षा हाताने, यंत्रं माळ्यावर, आणि शिफारशीचं पुढे बघू. त्यांचं "पुढे बघू" म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आणखी एक. आलेखात नवा खांदा दिसतो. चढ सुरू होण्याआधी रेघ जराशी अडखळते, थांबते, मग वर जाते. सप्टेंबरमध्ये हा नव्हता. तुझ्या डोक्यात काही येतंय का? लवकर लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी चुळबुळ


४ नोव्हेंबर

चि. चुळबुळीस,

जुन्या यंत्रांत असं होतं. कांड्या म्हाताऱ्या झाल्या की एकसारख्याच उतरतात, एका खेपेच्या असतील तर. तुझा हाताचा प्रयोग यंत्र बघून मग केलास, त्यामुळे डोळ्याला १०.७ दिसणारच. माणसाचं असंच असतं.

बाईशी वाद घालू नकोस. यंदा परीक्षा हाताने होऊ दे, शिफारस पदरात पाडून घे, पुढच्या वर्षी यंत्रांचं बघ. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. त्या मुलीला सांग, कार्डाशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा कर.

इकडे ठीक.

मामा

ता. क. कारबॉयच्या तोंडावरची नळी कोण भरतं हल्ली?


९ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. विनोद एक नाही, तळं नाही, गुडघा नाही. आणि खांद्याबद्दल चकार शब्द नाही, जणू मी लिहिलंच नव्हतं. पण ता. क. मध्ये नळी आहे.

मी नळी बघितली. खिडकीजवळ स्टुलावर तो कारबॉय, मोठा बुधला, तळाला तोटी, आत सगळ्या सत्राची अल्कली. तोंडाच्या बुचात ती वाकडी नळी, जिच्यात चुन्याचे खडे असायला हवेत, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाणार नाही. नळीत खडे नाहीत. कापसाचा एक पिवळा गोळा आहे, दगडासारखा. म्हणजे अल्कली सप्टेंबरपासून हवा पीत बसली आहे आणि दिवसागणिक उतरते आहे. अशी कमजोर झालेली अल्कली जास्त लागणारच. खांदाही त्याचाच. यंत्रं खरं बोलतायत. कार्ड पहिल्या दिवसापुरतं खरं होतं.

हे तुला माझं पत्र वाचताक्षणी कळलं होतं. नाहीतर नळी कुठून आली?

मी काकांना धरलं. आधी ते कानावर हात ठेवून बसले. मग म्हणाले की सर असताना असं कधी झालं नाही, कारण सर दरवर्षी परीक्षेच्या सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, कारबॉय रिकामा करायचे आणि द्रावण स्वतः नवं करायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सर निवृत्त झाले, मग कुणी सांगितलं नाही म्हणून काका करत नाहीत. मी विचारलं, पहिल्यापासून असं? ते म्हणाले, नाही, पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी परीक्षा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटे आले, त्याच द्रावणाचं तीनदा टायट्रेशन केलं, आणि मग सगळा कारबॉय मोरीत ओतून टाकला. काका तेव्हा नवे होते, त्यांना वाटलं सरांचं बिनसलंय. काकांनी वर्षही सांगितलं. ज्या वर्षी सरांची बहीण नापास झाली ते.

घरी गेले. आई पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, तू त्या परीक्षेत आकडा काय लिहिला होतास? तिने मान वर केली नाही. कात्री चालूच होती.

"दहा पूर्णांक नऊ," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांनी, मामा. मला स्वतःचा फोन नंबर आठवायला थांबावं लागतं. मी का विचारलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुला माहीत आहे का, मी लहान असताना तापाचं औषध ती कधी स्वतः टोपणात ओतायची नाही? बाबा नसले तर शेजारच्या काकूंना बोलवायची. माझ्या हाताला अंदाज नाही, म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

मला तुझ्याकडून एक पत्र हवंय, बाईंच्या नावाने. कार्ड चुकू शकतं, एवढंच लिही. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.

तुझी भाची


१७ नोव्हेंबर

मामा,

पत्र नाही. आठ दिवस राहिले. बाईंनी नोटीस लावली: परीक्षा हाताने, गुण कार्डाप्रमाणे. आज प्रत्येक यंत्राने १०.९ दाखवलं. कोपऱ्यातली ती मुलगी परीक्षेत खरंच लिहिणार आहे, तिचं तोंड बघूनच मला कळतं. मग बाई तिला शून्य देतील आणि पुढल्या वर्गांना तिची गोष्ट सांगतील.

तू मूग गिळून बसलास तर मीच बाईंना सांगेन, पुरावा नसला तरी. नोकरी गेली तर जाऊ दे.

भाची


२० नोव्हेंबर

चुळबुळे,

सोबत दुसरा लिफाफा आहे, बाईच्या नावाचा. उघडाच ठेवलाय, तू वाच, मग चिकटवून दे. त्यात मी जे लिहिलंय तेच इथे जरा लांबवून लिहितो, कारण तुला अर्धं कळलंय आणि अर्धं कळलेलं वाईट असतं.

मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. मीही तुझ्यासारखाच कायम व्हायचा होतो. कार्ड मी सत्राच्या पहिल्या दिवशी केलं, पाच वेळा पडताळून, आणि मला त्याचा फार अभिमान होता. परीक्षेला बावीस जण होते. तुझी आई खिडकीजवळ, सहा नंबरच्या टेबलावर. लॅबमध्ये ती मला सर म्हणायची. मी मागून जात होतो तेव्हा तिने हात वर केला. तिला १०.९ येत होतं, दोनदा आलं होतं. तिला कार्ड पाठ होतं, सगळ्यांनाच होतं. तिने विचारलं, "सर, परत करू?"

मी म्हणालो, "आलंय ते लिही."

ते मी प्रामाणिकपणा म्हणून म्हणालो नव्हतो. बहिणीशी जास्त बोलताना कुणी बघू नये म्हणून म्हणालो. तिने लिहिलं. बाकी एकवीस जणांनी १०.२ लिहिलं. संध्याकाळी मी तपासायला बसलो आणि नियमाप्रमाणे तिला शून्य दिलं. सही करून गुण पाठवूनही टाकले, त्याच संध्याकाळी, म्हणजे माझं मन बदलायला नको.

झोप लागली नाही. सकाळी गेलो, तीनदा केलं. १०.९, १०.९, १०.९. मला तेव्हाच कळलं की तिथं फक्त एकटीचं बरोबर आलं होतं. बावीस जणांत एकटीचं. मला जाऊन सांगता आलं असतं. कार्ड चुकलं, निकाल परत घ्या, एवढं बोलायचं होतं. मी कारबॉय मोरीत ओतला.

मग घरी निकाल कळला. आमच्या वडिलांनी चार माणसांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. विभागातही तेच. मला कायम केलं ते त्यावरच. पुढे जो भेटेल तो तेच सांगायचा आणि मी खाली बघायचो, तर लोकांना तो नम्रपणा वाटायचा. मी खाली का बघतो ते पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

ती पुन्हा परीक्षेला बसली असती तर मी तिला पास केलं असतं, याची शपथ घेतो. पण ती म्हणाली, माझ्या हाताला जमत नाही. आणि चुळबुळे, हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय: मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ती पुन्हा लॅबमध्ये येणार नव्हती, म्हणजे कुणी काही तपासणार नव्हतं. पुढे दरवर्षी परीक्षेच्या सकाळी मी द्रावण नवं करत राहिलो, कार्ड खरं राहावं म्हणून. कार्ड बदललं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

तुझ्या आईला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. तू सांग तिला. तू सांगितलंस तर तिला कमी लागेल.

मामा


२८ नोव्हेंबर

मामा,

परीक्षा झाली. घडलं तसं सांगते.

एकवीसला तुझे लिफाफे आले. बावीसला सकाळी बाईंना लिफाफा दिला आणि समोर उभी राहिले, बस म्हणाल्या तरी बसले नाही. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसत राहिल्या, इतका वेळ की मला वाटलं आता काच निघून येईल. शेवटी म्हणाल्या, "त्या परीक्षेच्या दिवशी मी पाच नंबरच्या टेबलावर होते, तुझ्या आईच्या शेजारी. मलाही १०.९ आलं होतं. मी १०.२ लिहिलं आणि वर्गात पहिली आले."

मग उठल्या. कपाटापाशी गेल्या, नखाने कार्डाचा कोपरा सोडवायला लागल्या. पस्तीस वर्षांचा डिंक, अर्धं कार्ड दारालाच राहिलं. उरलेलं काकांनी ओल्या फडक्याने काढलं, मला हात लावू न देता.

कारबॉय रिकामा केला. नळीत नवे खडे भरले. एक बाटली जुनं द्रावण मी घट्ट बूच लावून ठेवलं आहे, का ते माहीत नाही, सगळं ओतवेना. आता कार्ड नाही, पाटी आहे. रोज सकाळी काका स्वतः तपासतात आणि तारीख, वेळ घालून आकडा लिहितात. परीक्षा यंत्रांवर झाली. कोपऱ्यातल्या मुलीला मी सांगितलं, खरं लिही. ती म्हणाली, तेच लिहिणार होते. काकांनी परवा यंत्रांवरचे अ‍ॅप्रन धुऊन आणले. पांघरतात अजून, पण धुतलेले.

माझी शिफारस बाईंनी पाठवली आहे. उत्तर जानेवारीत. तोवर फरशी झिजणारच.

आता तुझं. आईला मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तिला कमी लागेल हे तुझं खरं असेल, पण मग ते तिला तुझ्याकडून कधीच कळणार नाही. पाचवं पत्र लिही आणि फाडू नकोस. मला तुझा खूप राग आलाय आणि तळ्याकाठी तू एकटा चालत असशील या विचाराने गलबलूनही येतं. दोन्ही एकदमच. काय करायचं ते मला समजत नाही.

तुझी चुळबुळ


११ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. सोमवार, मंगळवार मी कामावर गेले नाही. ग्रंथालयात तीस वर्षांत अशी रजा मी घेतली नव्हती. पोरीला वाटलं ताप आहे.

तू विचारलंस, मला तेव्हा काही संशय आला होता का. नाही. मला वाटलं, तू म्हणतोस म्हणजे माझाच हात वाईट. बाबांनी तुझी पाठ थोपटली तेव्हा मी दारात उभी होते. मलाही तुझा अभिमान वाटला होता. हे तुला कळायला हवं. स्वतःची लाज आणि तुझा अभिमान घेऊन मी त्या घरात वावरले.

मग मी काही मोजायचं सोडून दिलं. औषध नाही, कापड नाही. एवढ्याशा पोरीला ताप असताना टोपण हातात धरून मी शेजारणीची वाट बघत बसायची. ते दिवस मला परत कोण देणार? तू नाही देऊ शकत. म्हणून मागत नाही.

बुधवारी मी पोरीच्या लॅबमध्ये गेले. आत. वास तोच आहे, आणि तो मला कधीच वाईट वाटत नव्हता. ते तू तिला काहीतरीच सांगितलंस. सहा नंबरचं टेबल रिकामं होतं. पोरीने जुन्या द्रावणाची एक बाटली राखून ठेवली होती, ती मी मागून घेतली. ब्युरेट भरताना अर्धं बोटांवर गेलं. काकांनी फडकं दिलं. तुझ्या वर्गातली ती, आता मोठी बाई झालेली, दारात येऊन उभी राहिली. मी पोरीला सांगितलं, तुझं यंत्र चालू कर पण पडद्याचं तोंड भिंतीकडे फिरव, मला दिसता कामा नये. आणि मी रंगाची वाट बघितली. शेवटच्या थेंबाला माझ्या हाताने तोटी बरोबर बंद केली.

मी वाचलं १०.९. कागदावर लिहिलं. मग पडदा फिरवला. यंत्राचं १०.९२.

तुला माफ केलं असं मी इथे लिहीत नाही, कारण तसं अजून आलेलं नाही. आलंय ते लिहायचं, हे मला एका सरांनी शिकवलं होतं.

सोबत कागद जोडला आहे. वर यंत्राचा आलेख, खाली माझ्या अक्षरात माझा आकडा. गुणांची चौकट मोकळी ठेवली आहे. तपास, लाल शाईने गुण घाल, सही कर. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझी धाकटी